नारिंगी बोटीचा कॅप्टन

शुक्रवार, १५ ऑगस्ट २०२५

सकाळी ९ वाजून ४० मिनिटांनी मी शाळेच्या पटांगणात तिसऱ्या रांगेत, डाव्या हातात बुंदीचा पुडा आणि उजव्या हातात कागदी झेंडा धरून उभा होतो. त्याच मिनिटाला सरपंच दुर्गाबाईंनी माईकवर माझं नाव घेतलं. म्हणून ही वही आजच उघडतो.

गेल्या वर्षी पूर्णेच्या पुरात आमच्या गावची खालची वस्ती तीन दिवस अडकली होती. ते ऐकून आमच्याच गावच्या, पण आता अकोल्यात सरकीच्या ढेपेचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थांनी ग्रामपंचायतीला रबरी बोट दिली. नारिंगी रंगाची, मागे पेट्रोलची मोटर.

दुर्गाबाई म्हणाल्या, "बोट तं आली, पन चालवन कोन? तं बाप्पा, आपल्या गावात नेव्हीचा मानूस आहे. पंधरा वर्स ज्यानं समुद्रात जहाज चालवलं, त्याले ही पूर्णा म्हंजे काय, नालीच हाये! गजेंद्र भाऊ, या समोर."

टाळ्या पडल्या. माझे वडील किसनराव पहिल्या रांगेत होते. त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांचं ते पाहणं पाहून मी पुढे गेलो आणि किल्ली घेतली.

जे खरं आहे ते इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे लिहिता येत नाही. मी दहावी पास होऊन सतराव्या वर्षी नौदलात लागलो आणि पंधरा वर्षांनी निवृत्त झालो. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत मी स्वयंपाकी होतो. मी जहाज चालवलेलं नाही. जहाज चालताना मी पोळ्या लाटत होतो.

मी कोणाला खोटं सांगितलं नाही. पहिल्या सुट्टीत बाबांनी विचारलं, "काय काम देते तुले?" मी म्हणालो, "जहाजावर असतो." बाकीचं जहाज त्यांनी गावात बांधलं. मी फक्त तोडलं नाही.

सोमवार, १८ ऑगस्ट

लोकांना वाटतं नौदलातला माणूस दिवसभर समुद्र बघत असतो. आमच्या गॅलीला, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाकघराला, खिडकी नव्हती. समुद्र मी पाहिला तो कचऱ्याचा डबा घेऊन मागच्या डेकवर जायचो तेव्हा. रोज दोनदा, पाच-पाच मिनिटं. हिशोब केला तर पंधरा वर्षांत मी चार-पाच आठवडे समुद्र पाहिला असेल. तेवढा तर मुंबईचा भेळवालाही पाहतो.

तिथे सकाळचा चहा अर्धा मिनिट उशिरा गेला तर लाऊडस्पीकरवर स्वयंपाक्याचं नाव येतं. युद्धसराव उशिरा सुरू झाला तर कोणाचंच नाव येत नाही.

आज संध्याकाळी रागिणी शेजारी गेली होती. पाटावर कांदे पडले होते. मी सवयीनं सुरी घेतली आणि चार कांदे चिरले. मान वर केली तर ती दारात उभी. किती वेळ होती कोण जाणे. कांदा कागदासारखा बारीक झाला होता.

ती म्हणाली, "झालं का चिरून?"

"सहज केलं."

"मंग सहजच तो लसूनही सोला."

तिला काही कळलं नसावं.

रविवार, २४ ऑगस्ट

आज बोट पाण्यात उतरवली. घाटावर शंभरेक माणसं होती. मी मोटरची दोरी ओढली. मोटर लागली नाही. परत ओढली. एकतीस वेळा ओढली. मी मोजत होतो. माझा चुलतभाऊ कुंदन, जो गणेश मंडळाचा अध्यक्ष आहे, प्रत्येक वेळी ओरडायचा, "दादा, जोरात!" शेवटी तो लोकांना म्हणाला, "नेव्हीची मोटर घराएवढी रायते. हे खेळन्यातली आहे, दादाले सवय नाई."

लोकांना ते पटलं. मला लाज वाटली, आणि पटलं म्हणून बरंही वाटलं.

घरी येऊन मोटरसोबतचं पुस्तक तीनदा वाचलं. मोटरला चालवणाऱ्याच्या मनगटात अडकवायची एक लाल दोरी असते. तिची क्लिप खटक्यात बसवलेली नसेल तर मोटर सुरूच होत नाही. चालवणारा पाण्यात पडला तर दोरी ओढली जाऊन मोटर बंद व्हावी, म्हणून ती सोय आहे. ती क्लिप पूर्ण वेळ माझ्या खिशात होती.

बोटीच्या बाजूला पाटी आहे: सहा माणसं, साडेचारशे किलो. ते वहीत लिहून घेतलं.

गुरुवार, २८ ऑगस्ट

काल गणपती बसले. कुंदननं अकोल्याहून सात फुटी मूर्ती आणली. मी विचारलं, वजन किती? तो म्हणाला, "देवाचं वजन कोन करते बे दादा?" मग मूर्ती उचलणाऱ्यांपैकी प्रीतमला विचारलं. तो म्हणाला दीड क्विंटल तरी आहे.

सकाळी चौकात फ्लेक्स लागला. त्यावर एक प्रचंड युद्धनौका आहे, जिच्या झेंड्यावरून ती आपल्या देशाची नाही हे कळतं. तिच्यासमोर माझा लग्नातला फोटो, फेटा कापून. खाली मजकूर: "यंदा प्रथमच! पूर्णामाईच्या मध्यधारेत विसर्जन. सारथ्य: नेव्ही कॅप्टन गजेंद्र."

मी कुंदनला बाजूला घेतलं. "मले न विचारता कावून लावला?"

"तुले विचारलं असतं तं तू नाईच म्हटलं असतं."

"नदीच्या मधात नेन्याची काय गरज आहे? दरवर्षी काठावरच करतो ना आपन."

"दरवर्षी मूर्ती चिखलात पडून रायते दादा. दुसऱ्या दिवशी हात एकीकडे, सोंड एकीकडे. पाहवत नाई मले." त्याचे डोळे खरोखर भरून आले. मग लगेच म्हणाला, "अन् बाजूच्या गावापाशी बोट कुठी आहे? कॅप्टन कुठी आहे? जळून राहिले सारे."

त्याला नाही म्हणता आलं नाही. मूर्तीबद्दलचं त्याचं ते बोलणं मनाला लागलं.

रविवार, ३१ ऑगस्ट

महादेवराव भोई यांच्यासोबत नदीवर गेलो. त्यांची साठी उलटली आहे, लाकडी डोंगा आहे, मासे धरतात. आज मोटर पहिल्याच वेळी लागली. दोघंच होतो. पलीकडे जाऊन आलो. येताना धार तिरकी लागली आणि बोट आपोआप पुलाच्या खांबाकडे जाऊ लागली. महादेवराव ओरडले, "तोंड वर धरा, वर!" मी उलटं फिरवलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून वळवलं.

काठावर आल्यावर बिडी पेटवून ते म्हणाले, "समुद्रात धार नसन."

"नसते तशी," मी म्हणालो. मला माहीत नाही.

"मोटर तुमाले येते. पानी येत नाई," ते म्हणाले. "पानी यायले चार-पाच पावसाळे लागते. काई नाई, येते."

त्यांनी हे कोणाला सांगू नये असं म्हणायचं होतं. पण ते सांगणाऱ्यांतले नाहीत, आणि सांगितलं तरी भोयाचं कोण ऐकतं.

सोमवार, १ सप्टेंबर

दुर्गाबाईंकडे गेलो, सगळं सांगायचं ठरवून. त्या गाय दोहत होत्या. मी म्हणालो, "ताई, मी काई जहाज चालवनारा नोतो. माहं काम वेगळं होतं."

त्या हसल्या. "मोठ्या मानसाची हेच गोष्ट आहे. जेवढा मोठा, तेवढा म्हनते मी काईच नाई. आमचे पुढारी पाहा, समोर एकटा ग्रामसेवक उभा असला तरी भाषन ठोकते."

"तसं नाई ताई..."

"गजेंद्र भाऊ, गाय बिचकून राहिली. दूध घेऊन जा."

अर्धा लिटर दूध घेऊन आलो.

बुधवार, ३ सप्टेंबर

वरच्या अंगाला दोन दिवस पाऊस आहे. पाणी घाटाच्या वरून सातव्या पायरीपर्यंत आलं. काल नववीवर होतं.

झोप येत नाही तेव्हा एक जुनी गोष्ट आठवते, ती लिहितो. बंगालच्या उपसागरात एकदा तुफान लागलं. एकशे ऐंशी माणसांची खिचडी पातेल्यासकट साखळीनं बांधून शिजवली. जेवायला अकरा जण आले, बाकीचे ओकत पडले होते. रजिस्टरात मी एकशे ऐंशी लिहिले, कारण शिजवले एकशे ऐंशी होते. दुपारी जहाजाचे कॅप्टन स्वतः खाली गॅलीत आले. खरे कॅप्टन. चहा मागितला. कप धरला तेव्हा त्यांचा हात इतका थरथरत होता की बशीत निम्मा सांडला. जवळपास भरलेल्या पातेल्याकडे बघत उभे राहिले. मग वर गेले आणि दहा मिनिटांत जहाज वळून बंदराकडे निघालं. संध्याकाळी मेसमध्ये सगळे हसत होते की साहेब घाबरले. मीही हसलो होतो. हे आता का आठवलं ते कळत नाही.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

पाणी पाचव्या पायरीवर. मी कुंदनला म्हणालो, दोन दिवस थांबू. तो म्हणाला, "रविवारी ग्रहन आहे. दुपारपासून वेध लागते. ग्रहनात देव ठेवता का मांडवात? उद्या म्हंजे उद्या."

महादेवरावांनीही सांगितलं की पुलापाशी भोवरा धरला आहे. मंडळाची पोरं म्हणाली, "बुढा, तुह्या डोंग्यानं थोडीच नेऊन राहिलो? कॅप्टन साहेब आहे."

म्हणजे त्यांचं ऐकायचं नाही कारण ते कॅप्टन नाहीत. आणि माझं ऐकायचं नाही कारण मी आहे.

रागिणी आज संध्याकाळी म्हणाली, "अवो, तुमाले नाई जायचं असन तं नका जाऊ."

"लोक काय म्हनतीन?"

"लोक बोटीत बसतीन. थे काय म्हनतीन, हे नंतर पाहा ना."



शनिवार, ६ सप्टेंबर

जसं झालं तसं क्रमानं लिहितो.

मिरवणूक दुपारी दोनला निघाली. घाटावर पोचायला पावणेसहा झाले. पाणी चौथ्या पायरीवर, रंग चहासारखा, मधून काटक्या आणि पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, झाडं वाहत होती. लोक चारशे तरी असतील. शेजारच्या गावचे लोक पलीकडच्या काठावर बघायला आले होते.

मूर्ती बोटीत ठेवली तेव्हाच बोट वीतभर खाली गेली. मी म्हणालो, माझ्यासोबत फक्त तिघं. कुंदन चढला, प्रीतम चढला, मग तिसरा, मग "मी वर्गणी जमवली", "मी दहा दिवस मांडवात झोपलो" म्हणत एकेक चढत गेला. मी मोजलं: नऊ. दहावा मी. मनात हिशोब केला: दहा माणसं साठ किलोनं सहाशे, मूर्ती दीडशे, मोटर आणि पेट्रोल वेगळं. पाटीवर साडेचारशे. रबराची कड पाण्यापासून माझ्या हाताच्या पंजाएवढी वर राहिली होती.

मी म्हणालो, "पाच जन उतरा."

प्रीतम म्हणाला, "साहेब, तुमी तुफान पाहिलेले. ही तं पूर्णा!" सगळे हसले. ढोल वाजतच होता.

मग मी जे केलं ते लिहायला लाज वाटते. मी लाल दोरीची क्लिप हळूच खटक्यातून काढली आणि मुठीत धरली. मोटरची दोरी ओढली. अर्थातच लागली नाही. आठ-दहा वेळा ओढून घाम पुसला आणि म्हणालो, "मोटर बिघडली. आता काठावरच करा लागते."

मला वाटलं, सुटलो. त्यांचे जीवही राहिले आणि माझं नावही.

कुंदन म्हणाला, "वल्ही हायेत ना! वल्हवत जाऊ. दादा सोबत आहे तं काय भेव?"

कोणीतरी काठावरून बोटीला धक्का दिला. बोटीचं तोंड दगडावरून सुटलं. फक्त मागची दोरी महादेवरावांच्या हातात होती, आणि ते दोन्ही टाचा चिखलात रोवून मागे झुकले होते. मोटरसकट कदाचित बोट परत आणता आली असती. वल्ह्यांनी त्या धारेत नऊ पोरं आणि एक मूर्ती सरळ पुलाच्या खांबावर गेली असती. मी त्यांना सुखरूप मार्गावरून धोक्याच्या मार्गावर आणून ठेवलं होतं, तेही माझी इभ्रत राखायला.

मी उभा राहिलो. बोट हलली. मी ओरडलो, "मी कॅप्टन नाई!"

ढोलामुळे कोणाला ऐकू गेलं नाही. मी हातातली क्लिप वर धरली आणि परत ओरडलो, "मोटर बिघडली नाई. हे मी काढलं. मले बोट चालवता येत नाई. मी नेव्हीत आचारी होतो. पंधरा वर्स सैपाक केला. जहाज कधी चालवलं नाई. माह्यासोबत गेले तं मरान!"

ढोल थांबला. मग काठावरून कोणीतरी म्हणालं, "काय म्हनते? आचारी?" एक बाई हसली. मग हसणं पसरत वर घाटाच्या पायऱ्यांपर्यंत गेलं, तिथे बाबा उभे होते. पलीकडच्या काठावरूनही शिट्ट्या आल्या. ओरडलेलं पाण्यावरून लांब जातं.

महादेवरावांनी आणि आणखी चौघांनी दोरी ओढून बोट परत दगडाला लावली. प्रीतम पहिला उतरला. उतरताना म्हणाला, "बाप्पा! आपन तं फोडनीच्या भरवशावर निघालो होतो." एकेक करत आठ उतरले. कोणी सांगितलं नाही, तरी उतरले. स्वयंपाक्याच्या बोटीत कोण बसतं?

कुंदन बसून राहिला, मूर्तीचा पाय धरून. मी त्याच्याजवळ गेलो. तो हळू म्हणाला, "दादा, सांगायचंच होतं तं घरी सांगतलं असतं. चारशे मानसात कावून?"

"घरी तू ऐकलं नसतं."

"माही पत गेली."

"हाव."

दुर्गाबाईंनी मग आवाज दिला, "महादेवराव, तुमी सांगा कसं करायचं." महादेवरावांनी दाराची जुनी फळी आणवली, चार दोर बांधले, आणि घाटाच्या खालच्या बाजूला जिथे पाणी खोल पण संथ आहे तिथे मूर्ती फळीवरून उतरवली. ती सरळ, न मोडता, बसल्यासारखी खाली गेली. साडेसहा वाजले होते.

घरी आल्यावर रागिणीनं ताट वाढलं. मी म्हणालो, "तुले आज कळलं असन."

ती म्हणाली, "लग्नाच्या आधी भावानं चौकशी केली होती. अन् तुमच्या पेन्शनच्या कागदावर सही मी वाचूनच केली."

"मंग बोलली कावून नाई?"

"तुमी बोलान म्हनून."

सरळ लिहायचं तर मी आज घाबरलो. दुसऱ्या कोणाला नौदलानं काय शिकवलं माहीत नाही. मला इतक्या वर्षांत धीर शिकवला नाही.

रविवार, ७ सप्टेंबर

दुपारी वेध लागायच्या आधी बाबा जेवायला बसले तेव्हा ताटाकडे बघत विचारलं, "पंधरा वर्स?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"किती मानसाइले?"

"एकशे ऐंशी. कधी दोनशे."

त्यांनी घास घेतला. बराच वेळ चावला. "कधी कोनाले खराब झालं? पोटबिट?"

"नाई. एकदाही नाई."

मग भाकरी आणखी एक मागितली, आणि ती रागिणीकडे नाही, माझ्याकडे बघून मागितली. रागिणीनं परात माझ्याकडे सरकवली. गावातल्या घरात, बापासमोर, मी पहिल्यांदा भाकरी थापली.

सोमवार, ८ सप्टेंबर

सकाळी सात वाजता घरातून निघालो. कशासाठी निघालो ते रागिणीला सांगितलं नाही, कारण मलाही नीट सांगता आलं नसतं. बोटीत बसलेल्या नऊ जणांना एकदा बघून यायचं होतं. लपूनछपून नाही, पण कारण न सांगता.

एक: प्रीतम. पानठेल्यावर. मला पाहून म्हणाला, "या कॅप्टन, आज भाजी काय?" सगळे हसले. वहीत खूण केली.

दोन आणि तीन: जमुनाबाईंची जुळी पोरं. वावरात फवारणीला निघाली होती, पाठीवर पंप. त्यांनी मान वळवली. खूण, खूण.

चार: वर्गणीवाला. अजून झोपला होता. त्याच्या आईनं विचारलं, काय काम आहे? मी म्हणालो, काही नाही, घरी आहे ना? ती म्हणाली, घोरणं ऐकू येत नाही का? खूण.

पाच, सहा, सात: बसथांब्यावर, अमरावतीला कॉलेजात जायला. एकानं फोनमध्ये माझा ओरडतानाचा व्हिडिओ लावला, आवाज मोठा करून. मी पूर्ण ऐकला. बस येऊन तिघं चढेपर्यंत थांबलो.

आठ: दहा दिवस मांडवात झोपलेला. मांडवाच्या बल्ल्या उपटत होता. माझ्याशी बोलला नाही. मी एक बल्ली धरून दिली. तेव्हाही बोलला नाही.

कुंदन सापडेना. घरी नाही, वावरात नाही, फोन बंद. काकू म्हणाल्या, काल संध्याकाळपासून गप्प होता, पहाटेच गेला कुठे तरी. नदीवर गेलो, घाटाच्या सगळ्या पायऱ्या पाहिल्या, पुलापर्यंत काठाकाठानं गेलो. महादेवरावांना विचारलं, ते डोंगा सोडून खाली पाहून आले. काही नाही. अकरा वाजले, बारा वाजले. मी चौकात परत आलो आणि ओट्यावर बसलो. दुसरं काही करता येत नव्हतं.

साडेबाराला अकोल्याच्या गाडीतून कुंदन उतरला. भाड्यानं आणलेले दिवे परत करायला गेला होता. त्यानं मला पाहिलं. माझ्या डोक्यावर तो फ्लेक्स अजून होता. त्यानं खांबावर चढून दोऱ्या कापल्या, फ्लेक्स खाली ओढला, गुंडाळला, बगलेत धरला.

जाताना माझ्यासमोर थांबून म्हणाला, "आता काय पाहून राहिला? तुह्यामुळं तोंड दाखवाले जागा नाई राहिली मले."

आणि गेला. तरातरा, दोन्ही पायांनी, धुळीत चपला आपटत.

वहीत लिहिलं: नऊ.

बोटीत बसले नऊ. आज मोजले नऊ. माझ्याशी बोलणारे दोन, तेही टोमणा मारायला आणि दोष द्यायला. न बोलणारे सात. कमी एकही नाही.